लायसन्स बदललं की डिस्ट्रोने (फेडोरा, डेबियनसारख्या लिनक्स-संचाने) त्यातलं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅम, काढून टाकावं का?

हापूस_सर्व्हर, देवगड
रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हे मोकळं लायसन्स सोडलं आणि ७.४ पासून आरएसएएल व एसएसपीएल असं वापरावर अटी घालणारं दुहेरी लायसन्स लावलं. आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ७.२.४ वरून व्हॅल्की हा फोर्क (जुन्या कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प) उभा राहिला. फेडोरा ४१ ने रेडिस काढून तोच घेतला. माझ्या मते बरोबर केलं. मी बागायतदारांना पेट्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करून देतो, प्रत्येक लायसन्स वाचायला वकील कुठून आणू? डेबियनच्या 'मेन' या मुक्त पॅकेजांच्या विभागात आहे म्हणजे वापरा, बदला, विका, कुणाला विचारायला नको. हा भरवसा पातळ व्हायला नको.

जयगड_लाइट, रत्नागिरी
भरवसा फुकट येतो का? क्लाउडवाले तोच कोड भाड्याने देऊन कमावतात आणि बग लिहिणाऱ्याच्या गळ्यात. मोंगोडीबी या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल आणलं ते याच रागातून. त्याचं १३वं कलम तुम्हाला लागूसुद्धा होत नाही. तो डेटाबेसच सेवा म्हणून विकलात, तरच ती सेवा चालवणारा भोवतालचा सगळा कोड उघडा करावा लागतो. तुमचा धंदा आंब्याचा. तरी फेडोराने जानेवारी २०१९ मध्ये एसएसपीएल मुक्त नाही असं ठरवलं. भोगलं कुणी? मोंगोडीबीसाठी बाहेरची रेपो (पॅकेजांचा साठा) जोडून प्रत्येक अपग्रेडला रात्र जागवणाऱ्यांनी.

हापूस_सर्व्हर
आज लागू नाही. उद्या हेच महिन्याच्या भाड्याने दिलं, तर 'सेवा' कशाला म्हणायचं हे कंपनीचा वकील सांगणार. कामाचा प्रकार बघून अट घालायची नाही, हे डेबियनच्या नियमांत उगाच लिहिलेलं नाही.

माड_आणि_मॉडेम, मालवण
शेजाऱ्यान गडगो घातलो तरी जुनी वहिवाट मोडणा नाय. ७.२.४ पर्यंतचो बीएसडी कोड कोणाक परत घेवक येवचो नाय. पण पावसात वाट कोसळली तर बांधतलो कोण? सुरक्षेचे पॅच कोणीतरी बसान लिहूक होये मां!

तिलारी_रूट, सावंतवाडी
सगळे सर्व्हरबद्दल बोलताय. खरा घोळ लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम आत जोडून घेतात त्या तयार कोडमध्ये, होतो. ओरॅकलने २०१३ मध्ये बर्कली डीबी या डेटाबेस-लायब्ररीला ६.० पासून एजीपीएल (नेटवरून सेवा दिली तरी बदललेला कोड उघडा करायला लावणारं लायसन्स) लावलं. एजीपीएल तर रीतसर ओपन सोर्स, ओएसआय या ओपन सोर्स लायसन्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं. तरी डेबियन ५.३ वरच थांबलं, कारण त्या लायब्ररीला लिंक होणाऱ्या ढीगभर प्रोग्रॅमना तिची अट चिकटली असती. म्हणजे 'ओपन आहे ना, मग घ्या' इतकं ते सोपं नाही.

मार्च २०२१ मधलं रुबी भाषेचं माइममॅजिक तर आणखी वेगळं. एमआयटी या मोकळ्या लायसन्सच्या त्या जेममध्ये (रुबीच्या पॅकेजमध्ये) जीपीएलची, म्हणजे कोड उघडा ठेवायची अट असलेली, एक डेटा फाइल होती. कुणीतरी ते दाखवून दिलं, लेखकाने जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या आणि त्यावर अवलंबून असलेल्या रेल्स या वेब-फ्रेमवर्कचे बिल्ड जगभर फुटले. रेल्सला घाईघाईने ती डिपेंडन्सी काढावी लागली. तिथे ना क्लाउडवाला होता, ना कुणाला पैसे हवे होते! डिस्ट्रोत पॅकेज घेण्याआधी फाइल-फाइल तपासणारे लोक आपल्याला किरकिरे वाटतात, ते यासाठी बसलेले असतात.

जयगड_लाइट
माइममॅजिकचं मान्य. पण रेडिसने मे २०२५ मध्ये, ८.० ला, एजीपीएलचा पर्याय दिलाय. आता तरी राग सोडा. मूळ लिहिणारे तिथेच आहेत.

हापूस_सर्व्हर
सगळे कुठे? व्हॅल्कीत जुने मेंटेनर आहेत की. आणि राग कसला? माझ्या कोडची एक ओळ न बदलता व्हॅल्की चाललं. आता परत फिरायला कारण तुम्ही द्या.