मदत हवी आहे: तापोळ्याच्या छोट्या बोटीला डिझेल-हायब्रिड परवडेल का?

सोळशीकाठ:

नमस्कार मंडळी. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी, तापोळ्याच्या अलीकडे आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. चार खोल्या, घरचं जेवण आणि पाहुण्यांसाठी एक बोट. बोट फायबरची, २४ फुटी, वर छत, चालवणारा धरून दहा माणसं बसतात. चालवतात माझे दीर. आतलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आता थकलंय. उघडून दुरुस्त करण्यापेक्षा नवंच बसवा, असं मेकॅनिक म्हणतो. घोडं अडलंय ते इथं.

एका विक्रेत्यानं दिरांच्या डोक्यात हायब्रिड भरवलंय. नवं डिझेल इंजिन, त्याच शाफ्टला (बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) पट्ट्यानं जोडलेली इलेक्ट्रिक मोटार, ४८ व्होल्टची १० युनिटांची लिथियम बॅटरी आणि कंट्रोलर. इंजिनाच्या किमतीवर वरचे चार लाख. डिझेल चाळीस टक्के वाचेल असं सांगतात. भाऊजींना पटलंय. घरात हिशेब माझ्याकडे असतो, आणि मला तो जुळत नाहीये.

आमच्या फेऱ्या दोन तऱ्हेच्या. एक वासोटा किल्ल्याच्या पायथ्याची: जायला दीड तास, यायला दीड तास, ताशी दहाच्या आसपास वेग. दुसरी संध्याकाळची: संगमाकडे तासभर संथ चक्कर, ताशी सहाच्या वर नाही. लांबच्या फेरीत पैसा मिळतो, संध्याकाळच्या फेरीनं पाहुणे परत येतात.

माझं गणित असं. एक लिटर डिझेलमध्ये दहा युनिटं ऊर्जा असते, पण छोटं इंजिन त्यातली तीनेक युनिटंच शाफ्टवर देतं. ताशी दहाला आमच्या बोटीला ५ किलोवॅट लागत असावेत. म्हणजे तीन तासांना १५ युनिटं, ५ लिटर डिझेल. आता हीच ताकद मोटारीतून घ्यायची, आणि बॅटरी मात्र त्याच इंजिनानं चार्ज करायची, तर जनरेटरमध्ये थोडी गळती, कंट्रोलरमध्ये थोडी, मोटारीत थोडी. सगळं मिळून वीस-पंचवीस टक्के वाटेतच गेले. मग बचत कुठली, उलट जास्तच डिझेल लागेल ना?

तरी मन पूर्ण मोडत नाही, त्याचं कारण संध्याकाळची फेरी. पुण्याहून माणसं शांततेसाठी येतात आणि आम्ही त्यांना धूर आणि धडधड ऐकवतो. शिवाय याच पाण्यावर पुढं कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतची गावं आहेत. बोटीच्या तळात साचलेलं तेलकट पाणी उपसून धरणात टाकायचं माझ्या जिवावर येतं.

तर विचारायचं असं: चाळीस टक्के हा आकडा येतो कुठून? आमच्यासारख्या बोटीत हायब्रिडला खरंच काही अर्थ आहे का? आणि नसेल तर संध्याकाळच्या फेरीचं काय करावं?

इंजिनवाला_पलूस:

ताई, गणित बरोबर आहे. आकडा बहुतेक चारचाकीचा उचललाय. हायब्रिड कार वाचवते ती मुख्यतः ब्रेक मारताना परत मिळणाऱ्या विजेवर, आणि सिग्नलला इंजिन बंद पडतं त्यावर. बोट म्हणजे कायम घाट चढणारी गाडी, उतार कधी येतच नाही. थ्रॉटल सोडला की पाणी तिला थांबवतं, ती ऊर्जा पाण्यात गेली, हाती काही येत नाही. त्यात तुमचं इंजिन लांबच्या फेरीत एकाच लोडवर तासन् तास चालतं. डिझेलला ते मानवतं. तिथं मोटार मध्ये घालून सुधारणार काय?

बिघडतं ते संध्याकाळी. वीस हॉर्सपॉवरचं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं काम करत तासभर गुरगुरत राहतं. डिझेल पुरतं तापत नाही, पुरतं जळत नाही. नोझलवर आणि रिंगांवर कार्बन धरतो, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) चकचकीत होऊन तेल वर चढायला लागतं, सायलेन्सरमधून काळं ओलं येतं. आमच्या भागात मोठ्या इंजिनावर छोटा पंप चालवणाऱ्यांचं हेच होतं. तुमचं जुनं इंजिन लवकर थकलं असेल तर त्यात लांबच्या फेऱ्यांपेक्षा या संथ फेऱ्यांचा वाटा जास्त असणार. उघडलंच तर बोअर बघा.

नवं इंजिन घेताना आणखी एक बघा. पाण्यात बसून, पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. २४ फुटी बोटीची पाण्यातली लांबी बावीसेक फूट धरली तर ताशी साडेअकरा किलोमीटरच्या पुढं ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. मग तीस हॉर्सपॉवर लावा नाहीतर चाळीस, डिझेल जाईल, वेग येणार नाही. विक्रेता मोठं इंजिन गळ्यात मारेल, घेऊ नका.

कोचीत_नोकरी:

मूळचा मिरजेचा, सध्या कोचीत. इथल्या वॉटर मेट्रोच्या बोटी २०२३ पासून चालू आहेत आणि त्या हायब्रिडच आहेत, म्हणून लिहितो. पण तिथला प्रकार वेगळा. मुख्य काम बॅटरीचं, डिझेल जनरेटर अडीअडचणीला. थांबे जवळजवळ, धक्क्यावर चार्जर, दिवसभर ठरलेल्या फेऱ्या. त्याआधी २०१७ ला वैकोमला ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरी आली. अडीच किलोमीटरचं पात्र ओलांडायचं, बस्स. दोन्हीकडे अंतर छोटं, वेग बेताचा आणि काठ जागचा हलत नाही.

हायब्रिडला आणखी एक जागा आहे: अलप्पुळाच्या हाउसबोटी. रात्री नांगर टाकून एसी, फ्रिज, दिवे चालवायचे असतात. जनरेटर थोडा वेळ नीट लोडवर चालवून बॅटरी भरायची आणि रात्रभर शांत झोपायचं, यात अर्थ आहे. शिडाच्या बोटीतही आहे, कारण वाऱ्यावर चालताना पाण्याच्या ओघानं पंखा फिरून बॅटरी भरतो. तुमच्या बोटीत विजेवर काय चालतं? एक दिवा आणि भाऊजींचा स्पीकर.

सोळशीकाठ:

स्पीकर बंद करायलाच मी टपले आहे 🙂

काठाचं तुम्ही बरोबर बोललात. आमच्याकडे दिवाळीला पाणी अंगणाशी असतं आणि मे महिन्यात उतरत उतरत पार खाली जातं. बोट बांधायची जागा सारखी बदलते, तिथवर चार्जिंगची केबल न्यायची म्हणजे दर पंधरवड्याला नवा खटाटोप. पावसाळ्यात वीज जाते ती वेगळी, पण तेव्हा वासोटाही बंद असतो आणि आम्हीही.

मग पूर्ण विजेवरची बोट? लांबच्या फेरीला पुरेल?

उन्हाळी_कोरेगाव:

सोलर पंप बसवण्याचा माझा धंदा आहे, बोटीचा नाही. पण किलोवॅट सगळीकडे सारखाच.

लांबच्या फेरीला शाफ्टवर १५ युनिटं, म्हणजे बॅटरीतून सतरा-अठरा. दुपारचा समोरचा वारा आणि थोडी शिल्लक धरून पंचवीस युनिटांची बॅटरी हवी. लिथियम फॉस्फेटची घेतली तरी अडीचशे किलो. तीन-चार माणसांची जागा गेली. शिशाच्या बॅटरीचं तर नावच काढू नका, निम्मीच वापरता येते आणि वजन काही पटींत. पाणी खाली गेल्यावर ती रोज भरायची कशी, हा प्रश्न आहेच. लांबच्या फेरीला डिझेल बरं.

संध्याकाळची गोष्ट निराळी, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या जवळपास वाढते. ताशी दहाला ५ किलोवॅट, तर ताशी सहाला फक्त एक. मोटारीची गळती धरून एका फेरीला दीड युनिट. छतावर ५५० वॅटची दोन पॅनेलं टाकली तर उन्हाळ्यात-हिवाळ्यात दिवसाला चार युनिटं सहज मिळतील. दोन फेऱ्या उन्हावर निघाल्या, केबल नको, काठ कुठंही जावो. फक्त दोन पॅनेलांचं पन्नास-पंचावन्न किलो वजन छतावर, उंचावर येणार. दहा माणसं एका बाजूला फोटो काढायला धावतात तेव्हा ते जाणवेल. आधी बोट बांधणाऱ्याला दाखवा.

इंजिनवाला_पलूस:

इथंच माझं म्हणणं येतं. चार लाखांची मोटार त्याच शाफ्टला कशाला बांधता? संध्याकाळच्या फेरीला पाऊण लिटर डिझेल जात असेल, नव्वद-ब्याण्णव असा भाव धरला तर सत्तर रुपये. चार लाखांना सत्तरनं भागा, साडेपाच हजारांवर फेऱ्या झाल्या. तोवर बॅटरी म्हातारी.

मी असतो तर साधं, माफक डिझेल इंजिन घेतलं असतं. आणि मागच्या फळीला कडेला ३-४ किलोवॅटची इलेक्ट्रिक आउटबोर्ड (बाहेर लटकणारी, स्वतःचा पंखा असलेली मोटार), ५ युनिटांची बॅटरी. दोन्ही एकमेकांपासून पूर्ण सुटी. पट्टा नाही, क्लच नाही. लांबच्या फेरीत आउटबोर्ड वर उचलायची, पाण्यात ओढ नाही. संध्याकाळी इंजिन बंद, आउटबोर्ड खाली.

मोठा फायदा वेगळाच आहे. धरणात मासेमारीची जाळी असतात. एकाच शाफ्टवर दोन मोटारी असल्या आणि पंख्याला जाळं गुंडाळलं तर दोन्ही एकदम गेल्या. पंखे वेगळे असतील तर पायथ्यापासून घरापर्यंतची पंधरा किलोमीटर ती आउटबोर्ड हळूहळू ओढून आणेल. ५ युनिटांत ते जेमतेम बसतं, वारा पडल्यावर निघालात तर.

एक अडचण सांगून ठेवतो. तुमचं सुकाणू इंजिनाच्या पंख्यामागं आहे, त्याला पंख्याचा झोत लागतो म्हणून बोट वळते. आउटबोर्डवर चालताना सुकाणू सुस्त वाटेल. भाऊजींना आउटबोर्डच्या दांड्यानं वळवायची सवय करावी लागेल.

कोचीत_नोकरी:

याला अनुमोदन. फक्त कागदाचं विसरू नका. १९१७ चा कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आलाय. नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो, तो बदलतोय. पैसे देण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेयरशी बोला, विमावाल्यालाही कळवा. बॅटरीला बीएमएस (तिच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि तिच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. बॅटरीची पेटी तळातल्या पाण्यापासून उंच ठेवा.

सोळशीकाठ:

सगळ्यांचे आभार. भाऊजींना धागा वाचायला दिला. साडेपाच हजार फेऱ्या वाचल्यावर गप्प बसले, जाळ्याचं वाचल्यावर मात्र लगेच पटलं, कारण ते त्यांच्या रोजच्या बघण्यातलं आहे. चार लाखांचं हायब्रिड रद्द. विक्रेत्याला नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलंय, अपेक्षेप्रमाणे.

आउटबोर्डचं कोटेशन मागवते. त्याआधी एकच: आमची मागची फळी फायबरची आहे, आत लाकूड आहे की नुसता फायबर, हे न फोडता कसं ओळखायचं? आणि ३-४ किलोवॅटच्या मोटारीला ती किती जाड लागेल?

इंजिनवाला_पलूस:

हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकून बघा. भरीव, टणक आवाज आला तर आत लाकूड असावं आणि ते शाबूत. पोकळ, बसका किंवा भुसभुशीत वाटलं तर कुजलेलं असू शकतं. खात्री करायची तर पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, आतल्या बाजूनं बारीक भोक पाडून भुसा बघा, मग भोक रेझिननं भरून टाका. जाडी मोटारीच्या क्लॅम्पवर ठरते, माहितीपत्रकात असते. पण नुसत्या फायबरवर लटकवू नका, आत-बाहेर मरीन प्लायचे तुकडे देऊन बोल्ट आरपार घ्या. फळीचा फोटो टाका, मग बोलू.