मदत हवी आहे: गे पात्रांच्या, पण मारझोड नसलेल्या कादंबऱ्या

डग्लस स्टुअर्टची 'यंग मंगो' (2022) नुकतीच संपवली आणि डोकं सुन्न झालंय. ग्लासगोतली दोन पोरं, एक प्रोटेस्टंट एक कॅथलिक, त्यातल्या जेम्सच्या कबुतरखान्यातले त्यांचे प्रसंग इतके हळुवार आहेत की तिथेच रेंगाळावंसं वाटतं, पण मग ती मासेमारीची ट्रिप येते आणि पुढचं सगळं जीव मुठीत धरून वाचलं. लेखक ताकदीचाच आहे, 'शगी बेन'ही आवडली होती, पण गे पात्र म्हणजे मार खाणारच हे आता झेपत नाही. उतारा म्हणून 'हार्टस्टॉपर' घेतलं तर ते फारच गोडगोड, शाळकरी. मराठीत 'कोबाल्ट ब्लू', बिंदुमाधव खिऱ्यांचं 'पार्टनर' आणि तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' वाचून झालंय, तर ती सोडून सांगा प्लीज.

पात्रं तिशी-चाळिशीपुढची हवीत, घरभाडं, नोकरी, भांडणं असा रोजचा संसार, दुःख असलं तरी चालेल. दोन बायकांची गोष्ट असेल तर आधी तीच सुचवा. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल, फक्त किंडलवर मिळायला हवं कारण आमच्याकडे कव्हर बघूनच चौकशा सुरू होतात. गेल्या काही वर्षांतलं असं कोणी काही वाचलंय का?