एएफटीत (सशस्त्र दल न्यायाधिकरणात) केस जिंकली, पण डिसॅबिलिटी पेन्शनची थकबाकी अजून जमा नाही

बांधावरचा
जय हिंद. वडील हवालदार म्हणून 2018 मध्ये निवृत्त झाले. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय मंडळाने) 30% कायमची डिसॅबिलिटी लिहिली, पण सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. एएफटीच्या मुंबई खंडपीठाने निकाल बाजूने दिला: 30% ऐवजी 50% डिसॅबिलिटी धरा, अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपासून थकबाकी, चार महिन्यांत द्या, नाहीतर 8% व्याज. पाच महिने झाले. स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर) जुनीच पीपीओ (पेन्शनचा आदेश) दिसते आणि रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांची सेवा-कागदपत्रे ठेवणारे लष्कराचे कार्यालय) म्हणते, 'प्रोसेसमध्ये आहे.' पुढे काय करायचे?

कागदपत्री
आधी ऑर्डरचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा. चार महिने निकालाच्या तारखेपासून आहेत की सर्टिफाइड कॉपी मिळाल्यापासून? बऱ्याच ऑर्डरमध्ये दुसरे असते. वकिलांनी कॉपी पाठवली असेल असे गृहीत धरून लोक बसून राहतात आणि मुदत सुरूच झालेली नसते. एक कॉपी रेकॉर्ड ऑफिसला स्वतः स्पीड पोस्टने पाठवा. सोबतच्या पत्रात आर्मी नंबर, पीपीओ नंबर, ओए नंबर (एएफटीतल्या मूळ अर्जाचा नंबर) लिहा आणि पोहोच जपून ठेवा.

'प्रोसेस' म्हणजे काय तेही सांगतो. रेकॉर्ड ऑफिस केस दिल्लीला पाठवते. निकाल मान्य करायचा की वरच्या कोर्टात जायचे, ते तिथे ठरते. मान्य झाला की सरकारी मंजुरीपत्र, म्हणजे जीएसएल निघते. ते रेकॉर्ड ऑफिसकडे येते, तिथून प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनकडे (संरक्षण पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे) क्लेम जातो आणि मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त पीपीओ. जीएसएल निघालेच नसेल तर प्रयागराजला कितीही तक्रारी करा, उपयोग शून्य. म्हणून वडिलांच्याच नावाने, 10 रुपये भरून, रेकॉर्ड ऑफिसकडे आरटीआय टाका. एवढेच विचारा: ऑर्डर कधी मिळाली, वर कोणत्या पत्राने कधी पाठवली, जीएसएलचा नंबर व तारीख काय.

सुभेदार_निवृत्त
वरचे बरोबर, पण आरटीआयच्या उत्तराची वाट बघत एक्झिक्युशन लांबवू नका. मुदत संपली असेल तर वकिलांना त्याच खंडपीठात एएफटी कायद्याच्या कलम 29 खाली अंमलबजावणीचा अर्ज करायला सांगा. नोटीस निघाली की सरकारी वकिलाला पुढच्या तारखेला फाइल कुठे आहे ते सांगावे लागते. अडकलेली फाइल हलते ती इथेच.

'सरकार वर गेले आहे' असे उत्तर आले तर स्थगितीची ऑर्डर मागा. नुसते अपील किंवा हायकोर्टात रिट दाखल केल्याने पैसे थांबवता येत नाहीत. अशा वेळी सशर्त मंजुरी देतात; निकाल उलटला तर रक्कम परत करू, असे लिहून घेतात. सही करण्याआधी वकिलांना दाखवा.

हिशेबनीस
पैसे आले की लगेच खूश होऊ नका, कॉरिजेंडम पीपीओ उघडून तपासा. 2016 नंतर निवृत्त झालेल्यांसाठी 100% डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) म्हणजे शेवटच्या रेकनेबल इमोल्युमेंट्सचे (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराचे) 30%. समजा ते 36,000 होते. 30% चे 10,800, त्याच्या 50% म्हणजे महिना 5,400, वर महागाई सवलत. पीपीओत 3,240 दिसले तर ओळखा की राउंडिंग ऑफ (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणे) न करता 30 टक्क्यांनीच काढले आहे. ही चूक नेहमीची आहे. रामअवतार निकालानंतर (सुप्रीम कोर्ट, 10 डिसेंबर 2014) 50 च्या आतले 50, 50 ते 75 चे 75 आणि त्यावरचे 100 धरतात, आणि तुमच्या ऑर्डरमध्ये तर 50 स्पष्ट लिहिलेच आहे.

दुसरे, थकबाकी कोणत्या तारखेपासून मोजली ते बघा. तिसरे, व्याज. मंजुरीपत्रात व्याजाचा उल्लेख नसेल तर ते आपणहून कुणी लावत नाही. एक्झिक्युशनच्या अर्जातच मागून घ्या.

बांधावरचा
ऑर्डर पाहिली, मुदत 'कॉपी मिळाल्यापासून'च आहे आणि आमच्याकडे पोहोच नाही. आज स्पीड पोस्ट करतो.

कागदपत्री
करा, पण आधी वकिलांना विचारा. सरकारी वकिलाला कॉपी कधी दिली याची नोंद त्यांच्याकडे असू शकते, मग तुमचे महिने वाया जाणार नाहीत. आणि वडिलांचा हयातीचा दाखला स्पर्शवर चालू आहे ना, तेही बघून घ्या. तो चुकला तर चालू पेन्शनही थांबेल.