लॅब्रॅडॉरचे खुबे झिजलेत: जिना, टेकडी की पोहणं?

कोथरूडचा_शेरू
आमचा शेरू आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे सैल आणि झिजलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, व्यायाम बंद करू नका. पण कुठला? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिना चढताना तो सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. कोणी सांगतं पोहायला न्या, कोणी म्हणतं टेकडीवर.

पंजे_आणि_पाय
मी कुत्र्यांच्या फिजिओथेरपीचं काम करते. दोन्ही पाय एकदम उचलतो हे तुम्ही अगदी नेमकं टिपलंत. असा खुबा मागे ताणला की दुखतो, म्हणून तो ते ताणणं टाळतोय आणि भार दोन्ही पायांत वाटून घेतोय. तेव्हा कुठलाही व्यायाम निवडताना आधी खुबा किती दुमडतो आणि मागे किती ताणला जातो ते बघायचं.

निरोगी लॅब्रॅडॉरचा खुबा हाताने हलवून मोजला तर साधारण ५० ते १६२ अंशांपर्यंत फिरतो. सपाटीवर सावकाश चालताना त्यातला थोडाच भाग वापरला जातो, म्हणून रोजचं चालणं सोडू नका. जिना चढताना खुबा, गुडघा आणि टाचेचा सांधा तिन्ही जास्त फिरतात, शिवाय सगळं अंग वर ढकलायचं असतं. टेकडी सध्या नकोच.

पोहताना अंगाचा भार सांध्यांवर येत नाही. गुडघा आणि टाच छान दुमडतात, पण त्या मानाने ताणल्या जात नाहीत. काही कुत्री तर नुसते पुढचे पाय मारतात आणि मागचे तसेच लोंबत राहतात, ते काठावरून बघा. पाण्यातला ट्रेडमिल मिळाला तर उत्तम: खुब्यापर्यंत पाणी असेल तर पायांवर जेमतेम ३८ टक्के वजन उरतं, गुडघ्यापर्यंतच असेल तर सुमारे ८५ टक्के.

घरच्या घरी करायला मला सगळ्यात आवडतो तो बस-ऊठ. यात खुबा आणि गुडघा दुमडतात, मांड्या भरतात आणि खुबा मागे फार ताणावा लागत नाही. जास्त दुखरी बाजू भिंतीला लावून बसवा, म्हणजे तो पाय बाहेर फाकवून बसणार नाही. खाली रबरी मॅट हवी. फरशीवर मागचे पाय घसरले तर भलत्याच दिशेला ताण येतो. थोडंच करा. तो उठायला वेळ लावायला लागला की थांबा.

बंड्याची_आई
वजन किती आहे? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर आयुष्यभर अभ्यास झाला. २५ टक्के कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरा बिघडले, आणि ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली.

कोथरूडचा_शेरू
वजन जास्तच आहे, कमी करतो. पण जिन्याचं काय करू, तो तर टाळता येत नाही. आणि चेंडू?

पंजे_आणि_पाय
पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे रुंद टॉवेल घाला आणि चढताना दोन्ही टोकं वर धरा. तो एकेक पाय टाकेल इतकं सावकाश न्या. उतरताना घाई करू देऊ नका. उभं असतानाही सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, उतरताना ते आणखी पुढे जातं आणि खांदे-कोपरांवर येतं. चेंडू फेकणं बंद: धावत जाऊन कचकन थांबतो आणि जागच्या जागी वळतो, तेव्हा पिळा बसतो तो नेमका खुब्याला आणि गुडघ्याला. त्याऐवजी चेंडू पायपुसण्याखाली लपवा आणि हुंगून शोधू द्या.