‘ऊरुभंगा’तला दुर्योधन

भास या प्राचीन संस्कृत नाटककाराच्या ‘ऊरुभंग’ (म्हणजे मांड्या मोडणं) या नाटकातला दुर्योधन कपटाचा बळी आहे म्हणून थोर वाटतो, असं एक मत आहे. मला हे पटत नाही. दगा झाला हे नाटक लपवत नाही. कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करतो, भीम नियम मोडून मांड्यांवर गदा हाणतो. बलराम तर संतापून नांगर घेऊन भीमाला मारायलाच निघतो! त्याला आवरतो तो मांड्या मोडलेला, हातांवर फरपटत आलेला दुर्योधनच.

पण थोरवी खरी दिसते ती अश्वत्थाम्याशी बोलताना. भर सभेत द्रौपदीचे केस ओढले, कोवळा अभिमन्यू मारला, फाशांच्या कपटाने पांडवांना रानात धाडलं. त्या मानाने त्यांनी माझं केलं ते थोडकंच, असं तो म्हणतो. आपण फसवले गेलो त्याच घटकेला आपली पापं स्वतःच्या तोंडाने मोजणं ही साधी गोष्ट नाही. महाभारतातला मरणासन्न दुर्योधन असा नाही, तो शेवटपर्यंत कृष्णाला दूषणं देतो. हा बदल भासाचा, आणि तो फार धाडसी आहे.

आपल्या लहानग्या मुलाला, दुर्जयाला, मांडीवर घेता येत नाही, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. त्यानंतरचा उपदेशही वाचा: पांडवांची माझ्यासारखीच सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, सुभद्रा आणि द्रौपदीला आईसारखं मान.

आणि एवढं ऐकूनही अश्वत्थामा रात्रीच्या संहाराला निघतोच.