बार्लीला मराठीत काय म्हणायचं: जव की सातू?

आडवाट: शाळकरी मुलांसाठी सिंधू संस्कृतीतल्या शेतीवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. 'गहू आणि सातू ही थंडीतली मुख्य पिकं' असं लिहिलं. संपादकांनी 'सातू' खोडून 'जव' केलं. शेरा: "सातू हे पीठ, पीक नव्हे." माझी आजी माण तालुक्यातली, तिच्या तोंडी 'सातू पेरलाय' हेच असायचं. 'जव' वाचून माझ्या भाच्यानं लगेच विचारलं, "म्हणजे जवसाची चटणी करतात तो?"

गावंधर: आजीच बरोबर. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सातू हे धान्य आहे.

पोथीवाला: पण शब्दाचा जन्म पिठातूनच झालाय. संस्कृत 'सक्तु' म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सातू चाळणीनं चाळावा तशी शहाण्यांनी वाणी निवडून घेतली, अशी उपमा आहे. पिठाचं नाव मागाहून धान्याला चिकटलं असणार.

उखळमुसळ: आणि आता पिठातून ते धान्यच गेलं! आमच्याकडे सातूचं पीठ म्हणजे गहू ओलवून, सडून, भाजायचे, त्यात डाळं, वेलची घालून दळायचं. गूळ-दुधात कालवून खायचं. खऱ्या सातूचा दाणा मी लग्नानंतर पाहिला. साल इतकं घट्ट की कांडून हात भरून आले.

पोथीवाला: म्हणूनच 'जव' घ्या. संस्कृत 'यव', त्याचा 'जव', सरळ वाट आहे. हिंदीची उसनवारी नव्हे.

पेठकर: वाण्याकडे जव मागून बघा, जवसच पुड्यात बांधून देईल. बार्ली म्हटलं की लगेच मिळते. मुलांनाही तेच कळेल.

गावंधर: शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी हेच मुख्य पीक होतं. आपल्या मातीतल्या धान्याला इंग्रजी नाव? मला नाही पटत.

बांधकरी: प्रकरणात राजस्थानातल्या कालीबंगनला उत्खननात सापडलेलं नांगरलेलं शेत आहे ना? त्याला काय शब्द वापरलात?

आडवाट: हो, आहे. घग्गरकाठी, इ.स.पू. २८०० च्या सुमाराचं. 'उभ्या-आडव्या सऱ्या' लिहिलंय.

बांधकरी: सऱ्या नको! सरी म्हटली की वरंबा आला, ऊस आला. नांगराच्या फाळानं पडतो तो तास. वडील मला औतामागे चालवायचे. बैल जरा बाहेर गेला की ओरडायचे, "तास सोडू नको!" ओल्या तासात पाय घोट्यापर्यंत गार पडायचा.

वऱ्हाडी: तिथल्या आडव्या रेघा जेमतेम ३० सेंटिमीटरवर आहेत, उभ्या १.९ मीटरवर. इतक्या जवळच्या रेघेला आम्ही काकर म्हणू.

बांधकरी: काकर पेरणीची. ते शेत नांगरलेलं आहे.

वऱ्हाडी: पण अंतर दोन पिकांसाठीच ठेवलंय ना? त्या भागात आजही असे आडवे-उभे तास घालून दोन पिकं घेतात, त्यातलं एक मोहरीचं.

पोथीवाला: पुस्तकी शब्द हवा तर 'सीता'. जनकाला नांगराच्या रेघेत सापडली म्हणून तिचं नाव सीता.

उखळमुसळ: मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण शेताच्या वर्णनात तासच बरा.

आडवाट: तास घेते. सातूचं काय करू? प्रकरण सोमवारी द्यायचंय.

वऱ्हाडी: ३० सेंटिमीटर म्हणजे फूटभर. आमची पेरणीची जुनी तिफण गोठ्यात आहे. तिच्या दोन फणांमधलं अंतर उद्या मोजून सांगतो.