९ वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर चालू होतो, पण पाच मिनिटांत बंद पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांचा ३ सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर ९ वर्षं शेडमध्ये उभा होता. शेवटचा बंद केला तेव्हा काहीच मोडलेलं नव्हतं. वडिलांची तब्येत बिघडली आणि तो तिथेच राहिला. यंदा तो चालता करायचाच असं ठरवलंय. बरंच काम झालंय, इंजिन चालूही होतं, पण टिकत नाही. डिझेल पंप उतरवून दुरुस्तीला द्यावा का, इथे अडलोय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. इंजिन जाम होतं, त्यामुळे सेल्फ मारला नाही आणि ट्रॅक्टर ओढूनही पाहिला नाही. जाम इंजिन ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. तिन्ही नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढले, त्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून सोडलं, आणि रोज क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून हलकेच पुढे-मागे जोर दिला. आठ दिवस काहीच हाललं नाही. नवव्या दिवशी पुली बोटभर सरकली, अकराव्या दिवशी पूर्ण फेरा मारला. रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढून पाहिलं तर दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वरच येत नव्हता. तसंच फिरवत राहिलो असतो तर पिस्टन आपटून व्हॉल्व्ह वाकला असता. दोन दिवस तेल देऊन, हलक्या हाताने ठोकून तो मोकळा केला.

सिलिंडरमध्ये सोडलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये (इंजिन ऑइल साठतं तिथे) उतरतंच, म्हणून ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलले. मग स्टॉप (डिझेल तोडणारी खिटी) ओढून धरला आणि ऑइलच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत सेल्फ मारला.

टाकीतल्या जुन्या डिझेलला वार्निशसारखा वास येत होता. ते काढून टाकी जागेवरच नव्या डिझेलने दोनदा खंगाळली. दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले. डिझेल पंप इनलाइन आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा वेगळा एलिमेंट (दाब देणारा दट्ट्या) एका रांगेत. बाजूचं झाकण काढून रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) सुटा आहे ना ते पाहिलं. रॅक फुल डिझेलच्या बाजूला चिकटलेला असेल तर इंजिन बेलगाम पळतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. तरी पहिल्या वेळी हवेचं तोंड झाकायला फळी हातात धरून धाकटा भाऊ उभा होता. डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढली ती आधी फिल्टरपाशी, मग पंपापाशी, शेवटी नोजलच्या नटांपाशी.

आता खरी अडचण. चालू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर, मग धूर साफ, ऑइलचा काटा व्यवस्थित. चार-पाच मिनिटांनी आवाज खाली-वर व्हायला लागतो, रेस दिली की इंजिन दबतं आणि हळूहळू विझतं. लगेच सेल्फ मारला तर घेत नाही. १५-२० मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू, आणि पुन्हा तेच. टाकीत हवा जात नसेल म्हणून झाकण उघडं ठेवून पाहिलं, फरक नाही. एकदा फीड पंपापाशी (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइप सोडून टाकीकडे उलटी हवा मारली, त्या दिवशी १२ मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी परत पाच.

मेकॅनिक म्हणतो पंपाचे एलिमेंट झिजलेत, गरम झाला की पंप दाब सोडतो. मला पटत नाही. पंपच थकला असता तर टाकीकडे हवा मारून फरक का पडावा?

प्रतिसाद: बंद पडल्याबरोबर पुली हाताने फिरवून पाहिलीत का? जामातून सुटलेलं इंजिन गरम झालं की कधीकधी पुन्हा धरतं. तसं असेल तर डिझेलच्या मागे लागून उपयोग नाही.

धागाकर्ता: हो, पाहिली. थंड असताना फिरते तितकीच सहज फिरते.

प्रतिसाद: दादा, पंप इतक्यात उतरवू नका. उलटी हवा मारल्यावर फरक पडला, यातच अर्धं उत्तर आहे. टाकीच्या तळाला जिथून डिझेल निघतं तिथे बहुतेक बारीक जाळी असते. जुन्या डिझेलचा डिंक आणि गंजाचे पापुद्रे नुसतं खंगाळून निघत नाहीत. डिझेल वाहायला लागलं की ते ओढले जाऊन जाळीवर बसतात. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की सुटून खाली पडतात. म्हणून तुमचा ट्रॅक्टर २० मिनिटांनी पुन्हा शहाण्यासारखा चालू होतो. फीड पंपाचा पाइप सोडा आणि डिझेल स्वच्छ बाटलीत दहा मिनिटं नुसतं पडू द्या. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी राहिली तर मी चुकलो. बारीक होत गेली तर टाकी उतरवा. आणि एक विनंती, नोजलचे नट सैल करून सेल्फ मारताना हात लांब ठेवा. तो दाब शंभर बारच्या कितीतरी वर असतो, फवारा कातडीतून आत शिरतो.

धागाकर्ता: आज करून पाहिलं. सुरुवातीला करंगळीएवढी धार, तिसऱ्या मिनिटाला दोऱ्याएवढी, सहाव्या मिनिटाला थेंब. संध्याकाळी टाकी उतरवली. बुडाच्या जाळीभोवती तपकिरी चिकट थर होता आणि तळाशी मूठभर पापुद्रे. आत साखळीचा तुकडा आणि डिझेल घालून टाकी अर्धा तास हलवली, तीनदा धुतली, उन्हात वाळवली. जाळी नवी बसवली. फिल्टर पुन्हा बदलले, कारण आधीचे तेवढ्यातच काळे पडले होते.

काल १ तास १० मिनिटं सलग चालला, मीच बंद केला. पंपाला पानासुद्धा लावला नाही. दादा, तुमचे मनापासून आभार.

वडील शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. दहा मिनिटं ऐकून म्हणाले, मधला टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप जास्त झाला की होणारी टिकटिक) वाजतोय. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाना कानाला लावून हेडवर टेकवला तर दोन नंबरच्याच सिलिंडरवर टिकटिक, आधी अडकला होता तोच व्हॉल्व्ह. गॅप थंड इंजिनवर धरायचा की गरम, हे पुस्तिकेत बघून आज फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावतो.